सहा भोकांची पट्टी

सोमवारी उद्यमनगर बंद. लेथ गप्प,
रस्त्याच्या मधोमध कुत्री पसरलेली.
दस्तगीर शिकलगारचं शटर तेवढं अर्धं वर.
वाकून आत गेले, पाकीट त्याच्यापुढं ठेवलं:
दोन वर्षं माझ्या मनगटात राहिलेली टायटॅनियमची पट्टी,
सहा भोकांची, राखी.
सीपीआरमधून गेल्याच आठवड्यात सुटलेली.

"भंगारवाला घेईना," म्हटलं.
"भंगार व्हय?" त्यानं ती उन्हात धरली.
"हिच्यात रंग हाय. इचारायला पायजे फकस्त."

फळीवर चार बरण्या.
एकीत बॅटरीचं पातळ ॲसिड, एकीत धुण्याचा सोडा,
एकीत टपरीवरचं काळं कोल्ड्रिंक, अर्धं पिऊन उरलेलं.
चौथीत मिठाचं पाणी, आणि तळाशी
ॲल्युमिनियमचा तुकडा, देवी आल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा.
"मीठ," दस्तगीर म्हणाला. पुढं काही बोलला नाही.

ॲसिडात ॲल्युमिनियमचं मोहोळ होतं,
छिद्रंच छिद्रं; त्यात रंग भरायचा,
मग उकळत्या पाण्यात तोंडं मिटवायची.
(त्या पातेल्यावरून शमीमभाभी अजून भांडते.)
पण हिला रंग पाजावा लागत नाही.
हिची सायच रंग दाखवते,
पाण्यावर सांडलेल्या डिझेलसारखा.

लाईट नव्हतीच. नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या
एकीला एक जोडून पट्टी सोड्यात सोडली.
समोर स्टीलचा चमचा, त्याच्यावर बुडबुडे,
मोहरीहून बारीक.
दोन बॅटऱ्यांना जांभळी.
तीनला निळी. असली निळी, की मी श्वास धरला.
तोवर त्यानं चौथी लावली, पाचवी, सहावी:
फिकं सोनं, हुपरीच्या गिलिटासारखं.
आठव्याला गुलाबी.

"तीनवर चला की परत."
"मागं येत न्हाई ताई. साय जाडच हुत जाती."
"मग घासा."
"घासतो. राखी हुईल. पण कोरी म्हणाल तर न्हाई,
वारं लागलं की पुन्हा धरतीयाच."

मी मनगट चोळत उभी. टाके खाजत होते.
आत, तिच्या जागी, डॉक्टर म्हणाले होते, भोकं भरतील हळूहळू.

"ऱ्हाऊ दे गुलाबी," म्हटलं.

त्यानं ती धुऊन माझ्या हातात दिली,
कोल्ड्रिंकची बरणी उचलून वास घेतला.
"ह्यातबी येतोय रंग," म्हणाला.
"पर मुंग्या लागत्यात."