सहा मिलिमीटर सावली

मयड्याला नदीच्या अंगाला एक घर आहे.
त्यातल्या एकाही दाराला मी मूठ लावलेली नाही.

लावायचीच नव्हती.
आर्किटेक्ट बाईंनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं,
कपाट दिसता कामा नये,
छताने भिंतीला शिवता कामा नये,
मध्ये सहा मिलिमीटर सावली सोडा.
सहा मिलिमीटर म्हणजे दोन सूत,
त्यात केसभर कमी.
तो केस कापायला मला अकरा दिवस लागले.

बाबांनी केसाकडे बघितलं नसतं.
त्यांच्याकडे पट्टी होती, वेल होता, कमळ होतं.
नक्षी म्हणजे चुकीवर घातलेलं पांघरूण,
असं ते विडी पेटवताना सांगत.
शिवोलीच्या एका ओराटोरात
फळी तडकली, तिथेच त्यांनी द्राक्षाचा घड कोरला.
घरची म्हातारी पाहुण्यांना
अजून तोच घड दाखवते.

इथे पांघरूण नाही.
गिलावा तीनदा उतरवला.
सांतानने वायरी भिंतीत पुरल्या,
आपलं माणूस पुरावं तशा, जागा ध्यानात ठेवून,
आणि पुढच्या महिन्यात जहाजावर गेला.
स्विचांच्या पेटीवर मी झाकण बसवलं,
वर भिंतीचाच रंग.
संध्याकाळी मागे सरून पाहिलं
तर मलाच ते सापडेना.
खरं सांगतो, छाती फुगली.
आणि मग जरा भीती वाटली.

शर्वाणी मॅडम तिथे एकट्या राहतात, तिथेच काम करतात.
आठ फुटी टेबल, वर एक लॅपटॉप, बाकी काही नाही.
गृहप्रवेशाला मी मयड्याचीच केळी नेली होती,
चांगला मोठा घड.
तो कुठे ठेवायचा
हे आम्हा दोघांनाही बराच वेळ कळेना.

परवा रात्री बोरीला जेवत होतो, फोन आला.
मेस्त, गावात लाईट आहे, माझ्याच घरात नाही.
मेन स्विच कुठे आहे?
मोबाईलला चार टक्के उरलेत.

म्हटलं, मोठ्या खिडकीची कड धरा.
तिथून उजवीकडे, खांद्याच्या उंचीवर,
माझ्या तीन विती.
तुमच्या चार होतील, वर दोन बोटं.
हात फिरवत चला.
त्या म्हणाल्या, सगळं सारखंच लागतंय.
लागणारच, मीच घासलंय.
आता टिचकी मारा. पुढे. आणखी पुढे.

बायकोने टीव्ही बंद केला.
हातातला घास हातात.
फोनमध्ये भिंत वाजत होती,
भरीव,
भरीव,
भरीव,
पोकळ.

तिथेच. दाबा.

खट् झालं. मग कुठलं तरी यंत्र गुरगुरलं
आणि त्या, इतक्या शिकलेल्या बाई,
आई गं, म्हणाल्या.

हात धुतले आणि सहज वर पाहिलं.
आमच्या खोलीत एकोणीस खिळे आहेत.
छत्री, पंचांग, रेशनची पिशवी, गुण्या,
दोन खिळ्यांना काहीच नाही,
काय होतं ते आठवतही नाही.
अंधारात यातला कुठलाही खिळा
माझ्या हाताला आपणहून लागतो,
कधी कधी रक्तही काढतो.

काल मयड्याला गेलो.
मॅडम म्हणाल्या होत्या, एक बारीकशी खूण करून द्या,
मला एकटीला दिसेल एवढीच.
कानावरची पेन्सिल काढली.
नदीकडून ऊन तिरकं आत आलं होतं
आणि त्या कोऱ्या भिंतीवर, खिडकीच्या कडेपासून,
खोबरेल तेलाचे पंजे उमटलेले,
एक, दोन, तीन, चार,
आणि वर दोन बोटं.

केसांना तेल लावत होते तेव्हा लाईट गेली, त्या ओशाळून म्हणाल्या,
सोमवारी रंगारी येतोय.

मी म्हटलं, त्याला नको म्हणून कळवा.
पेन्सिल परत कानावर ठेवली.
चहा मिळाला.
कप कुठे ठेवायचा ते मात्र
याही वेळी विचारावं लागलं.