एक घर पुढं

कॅमेऱ्याला पांढरं समजत नाही.
पांढरं फार झालं की तो बावचळतो
आणि सगळ्यालाच राखाडी करून टाकतो.
म्हणून धुक्यात चाक एक घर पुढं सरकवायचं.
बर्फातही असंच करतात म्हणे.
मी बर्फ पाहिलेला नाही.

पाहिलाय तो गंगावेशीतल्या आमच्या स्टुडिओतला,
पडद्यावरचा.
वडिलांनी रंगवून घेतला एका सिनेमाच्या बोर्डवाल्याकडून.
त्यानंही पाहिला नव्हता.
शिखरं काढली पन्हाळ्यासारखी, वर सपाट,
आणि वरून ओतला पांढऱ्या रंगाचा डबा.
तीस वर्षं नवरा-नवरी त्या हिमालयापुढं बसली,
घाम पुसत.

आज पहाटे सव्वासहा.
वाघबीळच्या वर, तिसऱ्या वळणावर
कठड्याला गुडघा टेकून बसलोय.
मैलाचा दगड समोर असतो,
मग नसतो.
वरून पोरं सुटणार आहेत,
पायाला लांब पट्ट्या, पट्ट्यांखाली चाकं,
हातात दोन-दोन काठ्या.
सुभेदार खवरे गुलमर्गला आठ हिवाळे काढून आले
आणि पेन्शनीत ऊस लावायचा सोडून
हे घेऊन बसले.
बर्फ कसा असतो ते कळावं म्हणून
पोरांना एकदा बर्फाच्या कारखान्यात नेलं,
लादीवर हात ठेवायला लावला, शंभर मोजेपर्यंत.
श्रेणिक मगदूम सत्तरला रडला.
हात काढला नाही.

फोकस लावून ठेवलाय
डांबरातल्या एका ठिगळावर.
पोर तिथं पोचायच्या आधी बोट दाबायचं,
दिसल्यावर दाबलं तर ते गेलेलं असतं.
लग्नात असं नसतं.
लग्नात माणसं हार धरून थांबतात, माझ्याकडं बघत.

आधी आवाज येतो, दूरच्या जात्यासारखा.
मग धुक्याला एक काळा ठिपका पडतो
आणि ठिपक्याला गुडघे फुटतात.
सात नंबर. अरमान नदाफ. गेला.
चार आणि नऊ, एकदमच. नऊची काठी चारच्या काखेत.
श्रेणिक, तोंड उघडं, डोळे मिटलेले,
(हा फोटो त्याचे वडील घेणार नाहीत.)
मग बराच वेळ काही नाही.
खाली अडवलेल्या दुधाच्या टेम्पोचा हॉर्न.
लेन्सवर दव. बनियनच्या टोकानं पुसलं.

मग अकरा नंबर.
प्रणोती इंगवले, बारा वर्षांची,
ओल्या पाल्यावरून घसरली
आणि बरोब्बर माझ्या ठिगळावर येऊन थांबली,
बसल्या जागी, एक काठी गायब.
एवढी स्पष्ट त्या दिवशी कुणीच नव्हती.
बोट दाबलं गेलं होतं.
"पडलो न्हाई मी, काका," ती म्हणाली. "बसलोय."
आणि उठली, एका काठीवर गेली.

रविवारी आई तिला घेऊन स्टुडिओत आली.
"ह्योच द्या. पण मागं बर्फ घाला की जरा,
आता कंप्युटरवर सगळं घालता येतंय."
येतं. स्वित्झर्लंड दीडशेला पडतं.
मी फोटो मोठा करून बघितला.
पोरीच्या मागं झाड नाही, वळण नाही,
पन्हाळा नाही, कोल्हापूर नाही,
नुसतं पांढरं, काठापासून काठापर्यंत.
"घातलाय की," मी म्हणालो.
आई वाकून बघत राहिली. "व्हय की."
प्रणोती बघतही नव्हती.
ती आत जाऊन पडद्यापुढं उभी होती,
खरचटलेला तळहात सपाट शिखरावर ठेवून,
ओठ हलत होते.
तीस, एकतीस.
वर पिवळा बल्ब जळत होता.
बोटांना रंगाचा पोपडा लागला तो तिनं फ्रॉकला पुसला.
"गरम हाय की ह्ये," म्हणाली.