खोटी जीभ

दुकान उद्यमनगरात, फौंड्रीच्या गल्लीत.
पाटीवर : सीट कव्हर, मॅटिंग, सन फिल्म.
काउंटरवर काचेची बरणी.
पूर्वी तिच्यात आप्पा चपलांचे खिळे ठेवायचे,
मी ठेवल्या जिभा.

बेल्टच्या टोकाला असते तशीच, चकचकीत,
फक्त मागं पट्टा नाही.
खाचेत खुपसली की गाडी गप्प.
टुंग टुंग बंद.
दीडशेला एक, तीन घेतल्या तर चारशे.
वाघाचं चित्र असलेल्या जास्त खपायच्या.

भैरू आडनाईक, शाहूपुरीत गुळाची अडत,
तीन घेऊन गेले.
"घरात एवढं कोण बोलत न्हाई मला
जेवढी ही गाडी बोलती."
मी हसलो. शंभराची नोट परत दिली. वर चहा पाजला.

कारखाने सुरू झालेले.
आंबेवाडीच्या पुढं, रात्री अकरा,
उसाच्या दोन ट्रॉल्या रस्त्यातच उभ्या,
मागं लाल दिवा नाही, लाल चिंधीसुद्धा नाही.
गाडीचा वेग, सर्व्हेअर म्हणाला, पंचावन्न असेल.
पंचावन्न म्हणजे काही फार नाही.
पंचावन्ननं आपण सगळेच जातो.

कव्हरं काढून द्यायला मला यार्डात बोलावलं.
मीच शिवलेली, तपकिरी, दुहेरी धाग्याची.
एक टाका उसवला नव्हता.
लाज वाटली त्याचीच.

ड्रायव्हरच्या बाजूला, खाचेत वाघ.
लाल बटण दाबलं. टिक्.
किती सहज आली हातात.
मग खांबातला पट्टा ओढला :
नवा कोरा, शोरूमचा वास अजून अंगाला,
कुठं मळ नाही, घाम नाही, शर्टाची घासण नाही.
सोडला तसा सरसर आत गेला,
पंगतीत कुणी पानच मांडलं नाही
अशा पाहुण्यासारखा.

डावीकडचा मात्र आत जाईना.
ताणून लांबलेला, कडा चुरगळलेल्या,
कडीपाशी धागे वितळून चकाकत होते.
तिथं बसली होती त्यांची पुतणी शर्वरी,
फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला.

दहाव्याला पंचगंगेवर गेलो, मागं उभा राहिलो.
जीभ खिशात होती.
मला कुणी काही बोललं नाही.
ती आली होती, खांदा धरून,
वाकून नमस्कार करता येत नव्हता तिला.
कुणाशी तरी बोलत होती हळू आवाजात :
"मी सांगितलं काकांना. दोनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा गाडीनं सांगायला पाहिजे होतं."

बरणी आता रिकामी आहे.
गिऱ्हाईक विचारतं, मी म्हणतो, माल संपला.
"गावातल्या गावात तर फिरायचं,
रंकाळ्यापातुर जायला पट्टा कशाला?"
मी प्रवचन देत नाही. मला ते शोभणारही नाही.
समोरच्या दुकानात मिळतात,
रस्ता ओलांडला की चार पावलं.
जाणारे जातात.
मी त्यांच्या पाठी बघत बसतो.

रात्री आप्पांना घेऊन सुभाषनगरला निघतो.
चार मिनिटांचा रस्ता.
पट्टा त्यांच्या हातात देतो.
साठ वर्षं चपला शिवल्या त्यांनी,
पट्टा हाती आला की बोटं ऐकत नाहीत.
मोतीबिंदूच्या डोळ्यांजवळ नेतात,
शिलाईवर नख फिरवतात,
उलटा करून बघतात, एक हिसका देतात.
"टाका बारीक हाय. दोराबी चांगला.
कुणी घातलाय रं?"
ठाऊक नाही, आप्पा.
"कारागीर हाय," म्हणतात,
आणि चाचपडत राहतात खाच.

मी हात लावत नाही.
गाडी टुंग टुंग करत उभी.
मागचा रिक्षावाला हॉर्न देतोय.
देऊ दे.