मफलर

सुईच्या टोकाला हिरा असतो, तांदळाच्या कणीएवढा.
दगड काळा, कारेलियातून मालगाडीनं येणारा,
आरसा होईतो घासलेला.
एकेक टिंब टोचत जायचं.
टोचलं तिथं पांढरं, न टोचलं तिथं रात्र.
आम्ही फक्त उजेड कोरतो,
काळोख गिऱ्हाइकाला फुकट.

त्या वर्षांत उरलच्या आमच्या गावात
कारखाना पगार म्हणून पातेली वाटायचा
आणि मला झोपायला सवड नव्हती.
मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते मी खाल्लं,
राईच्या पावाला लावून.
खारट नव्हतं.

रोदिओन ग्लुखोव स्वतः यायचा, पोरांचे दगड सांगायला.
फोटो टेबलावर पत्त्यांसारखे टाकायचा.
"याला ट्रॅकसूट. याच्या हातात गाडीची किल्ली,
चिन्ह नीट दिसू दे.
हा कधी हसला नाही, पण हसव. बायको लहान आहे."
मग वर्तमानपत्रात बांधलेले डॉलर.
एकदा, का कोण जाणे, केळ्यांचं अख्खं खोकं.
माझ्या मुलीनं पहिलं केळं सालीसकट खाल्लं.

एकदा म्हणाला, "येफीम, माझ्या तोंडाला किती टिंबं लागतील?"
दोनेक लाख, म्हटलं.
"आणि तुझ्या भावाच्या?"
मी सुई बदलत राहिलो.

सावेलीची टपरी त्यानंच जाळली.
आत सावेली झोपलाय हे त्याला माहीत नव्हतं, म्हणतात.
म्हणतात.
सावेली खाली दलदलीकडे आहे.
लोखंडी नळ्यांचा क्रूस, त्यावर पत्र्याचा नंबर, ४१७.
अंगणातला प्रत्येक दगड ग्लुखोवच्या पैशाचा,
त्यातला कुठला उचलून त्याच्या छातीवर ठेवणार होतो मी?

मार्चमध्ये ग्लुखोव न्हाणीघराच्या वाफेतून
टॉवेल गुंडाळून बर्फात आला
आणि परत आत गेला नाही.
पोरांनी पूर्ण उंचीचा दगड सांगितला:
कातडी कोट उघडा, टोकदार बूट,
मागं त्याचं घर, छपरावरच्या डिशसकट.
एकवीस दिवस मी त्याच्या तोंडात राहिलो.
डोळे जरा जवळ आणले असते तर
जन्मभर मूर्ख दिसला असता, जन्मभर म्हणजे
मेल्यानंतरचा.
हात वळला नाही.
हाताला वैर कळत नाही, पुढचं टिंब कळतं.

मग पोरंही एकेक करून त्याच रांगेत आली.
एक उरला, तो आता नगरपालिकेत आहे,
कबरस्तानाच्या दिव्यांचं त्याच्याकडेच.

आणि एका ऑक्टोबरात फ्योक्ला आली, त्याची आई,
बसथांब्यावर शेपू आणि खारवलेल्या काकड्या विकणारी.
"बाबा, त्याचा गळा उघडा आहे.
पाळण्यात होता तेव्हापासून घसा धरायचा त्याचा.
काही करता येतं?"
बाई, म्हटलं, ही काळ्या दगडावरची रेघ.
शब्दशः. पुसता येत नाही.
"पुसू नको," ती म्हणाली. "घाल."

हनुवटीखाली सावली होती, त्याखाली काळा शर्ट.
तिथं मी सुई लावलीच नव्हती.
जागा होती.

डोक्याला दिवा बांधून चार संध्याकाळी बसलो.
एक सुलट, एक उलट,
लोकरीचा जाड मफलर, टोकाला गोंडे,
एक गोंडा थोडा उसवलेला, का ते विचारू नका.
दगडाचं तोंड असं आहे की
काम करताना दलदलीकडे पाठच होते.

पैसे मी म्हटले नाहीत, तिनं विचारले नाहीत.
एक बरणी दिली, काकड्यांची,
झाकणाला फडकं बांधून.

ती काखेत धरून खाली गेलो.
चारशे सतरा.
सुई काढली, पत्र्यावर स लिहून बघितला.
पत्र्यावर हिरा धरत नाही, घसरतो.
थोडा वेळ उभा राहिलो.
मग फडकं सोडलं आणि एक काकडी तिथंच खाल्ली.
चांगली होती.
शेपू थोडा जास्त.