फॉल्ट

एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची,
चिनावलच्या शिवारात हे असंच.
रात्रीच्या आठवड्यात मी आणि इतबार तडवी
बाराला निघायचो. बॅटरी माझी, काठी त्याची.
लाईट वेळेवर येते कधी, भो?
डीपीखाली बसायचं,
कपाशीच्या पराट्या पेटवून दोन वांगी टाकायची,
मिठाची पुडी इतबारच्या खिशात.
बोलणं असं काही नाही.
त्याच्या मुलीचं बाळंतपण, माझ्या पिलबागेचा करपा,
सातपुड्यातला वणवा कुठवर उतरला.
मग तारा गुणगुणायच्या
आणि आम्ही दोघं दोन विहिरींकडे,
"चल, सकाळी."
सकाळी काही भेटायचो नाही. दुसऱ्या रात्रीच.

मग कुंदनने पुण्याहून एक डबा आणला.
त्याच्या पोटात सिमकार्ड.
फोन लावला की आतून बाई बोलायची,
"नमस्कार. तिन्ही फेज उपलब्ध आहेत. मोटर चालू झाली आहे."
"हिच्याशीच लावा पोराचं लग्न," आमची ही म्हणाली,
"उलटून तरी बोलणार नाही."

माझा अंगठा एका वेळी दोन आकडे दाबतो.
म्हणून तोच लावू लागला तिकडून,
पाळी त्याचीही रात्रीचीच,
हिंजवडीत, कितव्या तरी मजल्यावर.
मी गच्चीवर आडवा.
लांब, विहिरीवरच्या खोलीचा बल्ब
मोटरबरोबर पेटायचा,
की मी कुशीवर वळायचो:
बरा आहे. जागा आहे. चहा झाला असेल आत्ताच.
एकदा पावणेतीन झाले तरी काळोख,
मी उठून बसलेलो.
मग लागला, विझला, परत लागला.
हिला हलवून उठवलं, "काहीतरी सांगतोय तो."
"झोपा. फेज हलला असेल."

यंदा दिवाळीला आला आणि तो डबाही काढून नेला.
नवा आणला. त्याला फोन लागत नाही, माणूस लागत नाही.
खोडाशी एक खुंटी रोवलीय,
माती ओली की कोरडी ते खुंटी सांगते
आणि मोटर आपली आपण.
"नाना, आता तुम्हीही झोपा, मीही झोपतो."
खरं होतं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलेलं.
चांगलं केलंस, म्हटलं.

बल्ब अजून लागतो.
अगदी वेळेवर. कुणाचाच नसलेला.
केळीला त्याचं काय,
घड तीस किलोच्या पुढं गेले,
व्यापारी स्वतः बांधापर्यंत चालत आला.

पौषात एका रात्री काठी उचलली आणि गेलो.
डीपीखाली इतबार बसलेला.
डबा त्याच्याही मोटरीला आहे, वर्ष झालं.
"तू कशाला रे आलास?"
"तू कशाला?"
वांगी नव्हती कुणाकडेच.
मीठ होतं त्याच्या खिशात.

खोलीत जाऊन मी मधलं किटकॅट उपसलं.
का, ते विचारू नका. हात गेला.
सात-आठ मिनिटं गेली असतील.

"नाना! फॉल्ट दाखवतंय. एक फेज नाहीये.
तुम्ही कुठे आहात, वारा कसला ऐकू येतोय?"
बघतो, म्हटलं. तू जेवलास?
जेवला होता. घरमालकाने भाडं वाढवलंय.
खोकला आहे, फार नाही.
भरीत मिळतं तिकडे, पण गॅसवरचं,
त्याला धुराचा वासच नाही, म्हणाला,
आणि मग हसला, लहानपणी हसायचा तसं नाकातून.

बाहेर इतबार पराट्या मोडत होता,
कड कड कड.
किटकॅट माझ्या मुठीत, गार पडलेलं.

"नाना, सापडला का फॉल्ट?"
"सापडतोय," म्हटलं.
"तू बोल. घाई नको करू."