जास्तीची एक झेरॉक्स

झोनच्या सामन्यांचा ड्रॉ
आधी माझ्या दुकानात येतो,
मग कॉलेजात.
स्वामी सर म्हणतात, बारा काढा.
मी तेरा काढतो.

तेरावी घडी घालून गल्ल्यात,
दहा-दहाच्या नोटांखाली.
गिऱ्हाईक नसलं की उघडून बघायलो :
बास्केटबॉल, मुले. शुक्रवार, सकाळी आठ.
उदगीर आणि अहमदपूर.
पहिल्याच दिवशी अहमदपूर!
कामून असं? आधी निलंगा द्यायचं,
पोरांचे हात मोकळे झाले असते.
पण खरं सांगू,
मनातून बरंच वाटलं.
ताटात आधी ठेचाच वाढला
तर ताट सरकवणारा माणूस मी नाही.

सप्टेंबरात कुणालाच काही माहीत नसतं,
सुख म्हणतात ते हेच असावं.
गेल्या वर्षीचा तबरेज पास होऊन गेला,
पुण्यात पार्सलं वाटायलाय म्हणे.
लांबडा होनराव लातूरला, डॉक्टरकीच्या क्लासला.
त्याची आई आधार कार्ड घेऊन आलती,
म्हणाली, चेंडूनं पोट भरतंय का?
मी दोन प्रती काढल्या
अन् गप्प बसलो.
सहा फूट दोन इंच होता तो.

आता एक डावखुरा आलाय, मन्मथ बिराजदार.
हाळीहून एसटीनं येतो,
बूट एका नंबरनं मोठे,
पुढं कापूस कोंबतो. पायरीवरून पाहिलंय मी.
त्याचा खेळ अजून कुणी बघितला नाही,
म्हणून शुक्रवारपर्यंत
तो काय वाट्टेल ते करू शकतो.

शेजारचा इस्माईल घड्याळवाला अहमदपूरचा जावई.
डोळ्याला भिंग लावूनच म्हणाला,
वीसनं हरताय.
पैज लागली, एक प्लेट सुशीला, वर शेव.

शुक्रवारी शटर अर्धं ओढलं,
पाटी लावली : दहा मिनिटांत येतो.
ग्राउंडवर बघतो तर शिपायानं कोर्टातच
उडीद वाळत घातलेला.
स्वामी सर, रेफ्री, दोन्ही टीमा,
सगळे झाडू घेऊन.
तरी फ्री थ्रोच्या रेषेवर राहिलेच दाणे,
अहमदपूरचा कॅप्टन त्यावरनं सपशेल घसरला.
मी हसलो नाही. थोडं हसलो.

आमच्या रिंगला जाळी नाही.
बॉल आत गेला का बाहेरनं, यावर भांडणं होतात.
अन् जाळी नाही म्हणून आवाज नाही,
तेव्हा तो मी पायरीवरून तोंडानं काढतो :
सप्प!
मन्मथनं डाव्या हातानं पहिला टाकला. सप्प!
दुसरा. सप्प!
तिसऱ्याला मी आवाज आधीच काढला
आणि बॉल बोर्डावर आपटून
थेट सायकल स्टँडात.
रेफ्रीनं माझ्याकडं असं पाहिलं
जणू मीच फाऊल केला.

एकोणीसनं हरलो.
वीसनं नाही. एकोणीसनं.
इस्माईल म्हणतो, एकात काय ठेवलंय?
मी म्हणतो, घड्याळवाल्यानं असं बोलू नये.
सुशीलेची प्लेट अजून वादात आहे.

परत आलो तर शटरपाशी एक पोरगी उभी,
घामानं थबथबलेली, हातात कागद.
काका, दहा मिनिटं लिहिलंय,
सव्वादोन तास झाले.
अहमदपूर होतं, मी म्हणालो.
माहीत आहे, मन्मथचा डावा चांगला आहे,
पण उजवीकडं वळताच येत नाही त्याला.
मी तिच्याकडं नीट बघितलं.
नाव?
अश्लेषा. मुलींच्या टीममध्ये. आठच जणी आहोत.
हा आमचा ड्रॉ. सहा प्रती.

मशीन गरम व्हायला वेळ लागतो.
मी सात काढल्या.
सातवी घेऊन उजेडात धरली :
सोमवार, सकाळी आठ.
अहमदपूर.
अरे, कामून असं?