घरटं क्रमांक नऊ

काणकोणच्या पुढे रस्ता बारीक होत जातो,
मग रस्ता म्हणावं असं काही उरत नाही.
काजूंमधून लाल मातीची घसरण,
चपला हातात घेऊन उतरायची.

खाली दोन्हीकडून काळे खडक पुढे आलेले,
ओंजळ करायला हात येतात तसे,
आणि मध्ये समुद्र,
कुणी सांडू नये म्हणून धरून ठेवलेला.

"हांगा दर्या न्हिदता," शाणू पागी म्हणाला.
वर वनखात्याचा शर्ट, खाली लुंगी,
प्लास्टिकच्या पिशवीत वही.

सुरूच्या सावलीत चार बांबू, निळी जाळी,
आणि शाळेतली असते तशी पाटी:
घरटं ९. अंडी ११४.
दिवसाचा आकडा रोज पुसून रोज नवा.
आज ४१.

शाल्मली जाळीपाशी उकिडवी बसली.
कोलव्याला दीड वर्ष झालं.
तेव्हापासून ती डोक्यावरून पाणी घेत नाही,
केस धुताना मान मागे, कपाळावर माझा हात.
घरात आम्ही लाट म्हणत नाही.
पोळ्या करताना लाटणं मागायचं तरी
माझी जीभ अडते.

"यांची आई कुठेय?"
शाणूने हनुवटीनं पाणी दाखवलं.
"आली, खणलं, घातली, बुजवलं, गेली.
तासाभराचं काम. वळून बघत नाही ती."
मला ते उगाच लागलं.

"मग पिल्लांना पाण्यात कोण नेतं?"
"कोण नेणार? मी कुत्रे हाकलतो. कावळे हाकलतो.
टॉर्च घेऊन येणारी माणसं हाकलतो.
पाय ओले झाले त्यांचे, की माझी वही संपली."

"बुडत नाहीत?"

शाणूनं बराच वेळ घेतला.
"ते आत जाऊन बघायला पाहिजे, बाय.
मला पोहता येत नाही."

पागी, आणि पोहता येत नाही!
ती हसली. मोठ्यानं, नाकातून आवाज येईल असं.
हे हसू मी विसरले होते.

मग ती उठली. मला विचारलं नाही.
घोट्याइतकं पाणी. बोटभर मासे
तिच्या सावलीतून आत, बाहेर.
गुडघ्याइतकं.
फ्रॉकची कड भिजली, रंग गडद झाला.
कमरेइतकं,
आणि माझ्या घशात एक नाव तयार.

तिनं पाठ टेकली पाण्यावर,
जशी कुणी परक्या घरातल्या खाटेवर टेकतं,
अंग चोरून, मग जरा कमी चोरून.
कान पाण्याखाली गेले.
आता हाक मारली असती तरी
तिला ऐकू गेली नसती.

"ओ बाई," शाणू मागून म्हणाला,
"बांबू सोडा. जाळी हलते."